गोलाईचा दर

वसईच्या पश्चिम पट्ट्यात नवं घर बांधायचं म्हटलं की आधी जागेवर काय काय आहे ते मोजावं लागतं. निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, नंदाखाल या गावांतल्या वाड्या अजून सगळ्याच्या सगळ्या रिकामे प्लॉट झालेल्या नाहीत. कुठे जुनी विहीर असते, तिच्या काठावर बंद पडलेल्या रहाटाचे खांब असतात. कडेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं असतं, बांधावर फणस असतो. हे सगळं बुजवून, तोडून चौकोनी जोतं घालणं सोपं असतं आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. मी गेली कित्येक वर्षं या भागात साइट इंजिनिअर म्हणून काम करते. विहीर बुजवण्याचा खर्च अंदाजपत्रकात निमूटपणे लिहिलेलाही मी पाहिला आहे.

या घराच्या मालकीणबाई आणि त्यांचे यजमान, दोघंही निवृत्त शिक्षक. त्यांनी आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, विहीर राहील, बावखल राहील, फणसही राहील. घराने जागा काढून घ्यावी. त्या एका अटीतून नकाशावर तीन वळणं आली. बावखलाच्या काठाने जाणारी कंपाउंडची भिंत, चाळीस फूट त्रिज्येची. विहिरीला सामोरी असलेली पडवीची भिंत, विहिरीच्याच मध्यापासून सोळा फुटांवर. आणि जिन्याची अर्धगोल भिंत, आतून पाच फूट त्रिज्येची. नकाशावर तिन्ही सारख्याच सुबक दिसत होत्या. बांधायला घेतल्या तेव्हा मात्र प्रत्येकीची मागणी निराळी निघाली.

सरळ भिंतीचं सगळं काम दोरी करते. दोन टोकांना दोन विटा ओळंब्यात बसवायच्या, मध्ये दोरी ताणायची आणि थर भरत जायचं. नवखा गवंडीही दोरीला धरून चालला तर भिंत बरी उठते. गोल भिंतीत दोरी ताणली की ती वळण सोडून सरळच जाणार. तिथे प्रत्येक विटेला स्वतंत्रपणे विचारावं लागतं की तू मध्यबिंदूपासून बरोबर अंतरावर आहेस का, ओळंब्यात आहेस का, शेजारणीशी तुझा सांधा नीट आहे का. हे एवढं विचारायला वेळ लागतो. या कामाने मला शिकवलं ते मुख्यतः त्या वेळेबद्दल.

आमचे मिस्त्री सांगली जिल्ह्यातल्या जत भागातले. वडील विहिरी बांधायचे, लहानपण विहिरींच्या कामावर गेलेलं. पुढे पोटासाठी मुंबईकडे आले आणि नालासोपारा-विरारच्या बिल्डिंगांवर वीटकाम करत राहिले. नकाशा त्यांच्यासमोर पसरला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तिन्ही वळणांवरून बोट फिरवलं. "ताई, हे विहिरीचंच काम हाय. फक्त विहीर खाली जाती, हे वर जायचंय."

मग त्यांनी फरकही सांगितला. विहिरीच्या बांधाला बाहेरून चारी अंगांनी माती दाबत असते. त्या दाबाने दगड एकमेकांत घट्ट होत जातात, म्हणून जुन्या विहिरी कोरड्या रचाईच्या असूनही उभ्या आहेत. जमिनीवरच्या भिंतीला तसं कुणी धरून ठेवत नाही. तिथे गोलाईचा फायदा मिळतो, पण विटांची गुंफण आणि मसाला यांच्यात हयगय चालत नाही.

पहिली अडचण आखणीची. गोल आखायचा म्हणजे मध्ये खुंटी रोवायची आणि टेप फिरवायची. पण पडवीच्या भिंतीचा मध्यबिंदू विहिरीच्या मधोमध होता, खाली पाणी आणि वर हवा. मिस्त्रींनी विहिरीच्या कठड्यावर दोन लोखंडी पाइप आडवे टाकून बांधले, त्यावर जाड फळी बसवली. कठड्याच्या आतल्या कडेपासून चारही बाजूंनी मोजून मध्य काढला आणि तिथे खिळा ठोकला. कठडा पूर्ण गोल नव्हताच, जुन्या हाताने बांधलेला. एका बाजूला दोनेक इंच फुगलेला होता. त्यांनी त्या फुगवट्याची सरासरी न काढता मूळ गोल कुठला ते तळातल्या दगडांच्या थरावरून ओळखलं. "वरचा थर मागनं कुणीतरी दुरुस्त केलाय. खालचा बघा." मी वाकून पाहिलं. वरचे दोन थर सिमेंटचे होते, खालचे काळ्या दगडाचे, आणि त्यांची गोलाई खरोखर नीट होती. खिळ्यात टेपची कडी अडकवली, बिगारी चुन्याची फक्की घेऊन चालत राहिला आणि पायाची रेघ जमिनीवर उमटली.

बावखलाच्या भिंतीचा मध्यबिंदू तर पाण्यातच, काठापासून आत. चाळीस फुटांची टेप पाण्यावरून ओढत नेली तर मध्ये झोळ पडतो आणि माप चुकतं. तिथे शाळेतली भूमिती कामाला आली. वर्तुळाच्या दोन बिंदूंमध्ये वीस फुटांची सरळ दोरी ताणायची. चाळीस फूट त्रिज्येला त्या दोरीच्या मध्यापासून वळण एक फूट तीन इंच दोन सूत बाहेर असतं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मध्यापासून पाच फूट बाजूला सरकलं की ते अंतर साडेअकरा इंचांवर येतं. मी कागदावर हे हिशेब मांडत होते. मिस्त्रींनी मधलं एकच माप मागून घेतलं आणि बाकीचं दोरीने केलं. मध्याची उंची मिळाली की तिथून टोकापर्यंत पुन्हा दोरी ताणायची आणि तिच्या मध्यावर पहिल्या उंचीचा चौथा हिस्सा बाहेर घ्यायचा. पंधरा इंचांना पावणेचार. त्याचे पुन्हा दोन भाग, पुन्हा चौथा हिस्सा. माझे आकडे आणि त्यांची रेघ यांच्यात सुताचाही फरक पडला नाही. रेल्वेचे वळणदार रूळ तपासणारे लोकही ताणलेल्या दोरीपासून मधलं अंतर मोजूनच वळण ओळखतात. मिस्त्रींकडे हे वडिलांच्या हातातून आलं होतं.

आता विटेकडे येते. वीट चौकोनी असते, वळण गोल. वीट गोलात बसवली की आतल्या बाजूला विटा एकमेकींना चिकटतात आणि बाहेरच्या बाजूला फाकतात. कलिंगडाच्या फोडीसारखी निमुळती वीट असती तर प्रश्न नव्हता. पण वाडा तालुक्यातल्या भट्टीतून येणारी वीट नऊ इंच लांब, सव्वाचार इंच रुंद, तीन इंच जाड, सगळीकडून सारखी. मग फाकलेली जागा मसाल्याने भरावी लागते. किती फाकेल याचा हिशेब सोपा आहे. विटेचा दर्शनी तोंडाचा भाग गुणिले भिंतीची जाडी, भागिले त्रिज्या. चाळीस फुटांच्या वळणात साडेचार इंची भिंतीला आडवी वीट लावली तर सांधा बाहेरून जेमतेम अर्धा-पाऊण सूत जास्त उघडतो, तो दिसतही नाही. वीस फुटांच्या वळणात सव्वा-दीड सूत. दहा फुटांना पावणेतीन सूत, म्हणजे बघणाऱ्याला कळायला लागतं. पाच फुटांना साडेपाच सूत, जवळजवळ पाऊण इंच. तिथे नुसता मसाला भरून भागत नाही.

जिन्याच्या भिंतीत हाच प्रश्न होता. भिंत नऊ इंची, म्हणून सगळ्या विटा तोंडाने बाहेर, म्हणजे आडव्या न लावता उभ्या आत खुपसून लावायच्या ठरवल्या. फाक तेवढीच राहते, कारण तोंड अर्धं झालं तरी जाडी दुप्पट होते. पण गोलाई सुधारते. नऊ इंच लांब सरळ तोंडाचा तुकडा वळणात बसवला की त्याच्या मध्याशी आणि टोकाशी सव्वा सुतापेक्षा जास्त फरक पडतो आणि भिंतीला पैलू दिसतात. तोंड अर्धं केलं की तो फरक चौथ्या हिश्शावर येतो आणि नजरेला भिंत खरोखर गोल वाटते. अर्धगोलात एका थराला चाळीसेक विटा लागत होत्या. आत दोन सुतांचा सांधा ठेवला तर बाहेर साडेसात सूत उघडत होता, म्हणजे जवळजवळ इंचभर मसाला. एवढा जाड मसाला आकसतो, त्याला केसाएवढ्या भेगा जातात आणि आपल्याकडचा पश्चिमेचा पाऊस नेमका त्याच भेगा शोधत येतो. तेव्हा मिस्त्रींनी प्रत्येक विटेचं आतलं टोक दोन्ही अंगांनी एकेक सूत तासून घ्यायला सुरुवात केली. बाहेरचा सांधा पाच सुतांवर आला.

वीट तासण्याचं काम मी जवळ बसून बरंच पाहिलं. वीट डाव्या तळहातावर, थापीची कड उजव्या हातात. घाव विटेच्या कडेला तिरपा, बाहेरून आत नाही, आतून बाहेर, म्हणजे कपची सुटते पण वीट फुटत नाही. नीट भाजलेली वीट घणघणते, कच्ची थबथबते. तासायला घेण्याआधी ते दोन विटा एकमेकींवर आपटून ऐकायचे आणि थबथबणारी बाजूला ठेवायचे. ती वाया घालवत नव्हते, सरळ भिंतीत आतल्या बाजूला जायची. मग तासलेली वीट पाण्याच्या पिंपात, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा पीठ होऊन राहतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पिंप भरायचा कंटाळा येतो म्हणून बऱ्याच साइटवर नुसता पाइपने फवारा मारतात. जाड-बारीक सांध्यांच्या भिंतीत तो फवारा पुरत नाही.

विटा दिवाळीनंतरच्या हंगामातल्या होत्या. वाडा-विक्रमगडकडच्या भट्ट्यांवर कातकरी आणि वारली कुटुंबं पावसाळा संपला की उचल घेऊन येतात आणि जूनपर्यंत तिथेच झोपड्या करून राहतात. साच्यातून वीट काढताना बोटांचे ठसे कधीकधी तसेच राहून भाजले जातात. जिन्याच्या आतल्या बाजूला आम्ही विटा उघड्या ठेवून दर्जा भरायचं ठरवलं होतं, त्यामुळे प्रत्येक वीट उलटीसुलटी पाहून तोंड निवडावं लागायचं. त्या निवडीत असे ठसे दिसत. एखादी छोटी बोटंही. त्या घरातल्या सुबकतेचा पहिला हात भट्टीवरच्या त्या कुटुंबांचा होता. आणि त्यांची मजुरी हजार विटांवर मोजली जाते, वीट कशी उठली यावर नाही. हे मला त्या वेळी फार प्रकर्षाने जाणवलं, कारण आमच्या साइटवर नेमका तोच प्रश्न मजुरीच्या रूपाने उभा होता.

वीटकामाचा दर ब्रासवर असतो. शंभर घनफूट बांधलं की एक ब्रास, मग ते कसंही असो. ब्रासवर काम करणारा गवंडी जितकी भिंत वर नेईल तितके पैसे. मसाला जाड घातला की थर लवकर चढतात, तासायला वेळ नाही, निवडायला वेळ नाही. यात गवंड्याला दोष देता येत नाही. दरानेच त्याला तसं शिकवलेलं असतं. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या भिंतीचे जेमतेम काही थर उठले, तेव्हा लेबर कंत्राटदार मला म्हणाला, "मॅडम, या स्पीडनं माझी माणसं उपाशी राहतील." त्याचं म्हणणं खरं होतं. सरळ भिंतीत एक जोडी दिवसाला जेवढं काम करते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही या गोलात होत नव्हतं. आणि दर मात्र एकच ठरलेला.

मी घरी येऊन केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची कामाची मानकं उघडली. तिथे वीटकामाच्या मोजमापात स्पष्ट लिहिलेलं आहे की सहा मीटरपेक्षा जास्त सरासरी त्रिज्येचं गोल वीटकाम साध्या वीटकामातच धरावं, पण सहा मीटरपर्यंतच्या त्रिज्येचं काम वेगळं मोजावं. त्यात विटा कापणं, वाया जाणं आणि फरमे हे सगळं आलं पाहिजे. सहा मीटर म्हणजे जवळपास वीस फूट. आमच्या सुतांच्या हिशेबात नेमकं वीस फुटांच्या खाली आलं की सांधा डोळ्याला खुपायला लागतो. ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांनी कधीतरी हातात वीट धरली असणार, असं मला त्या रात्री वाटलं. सरकारी कामाच्या मोजमापात गोलाईची मेहनत मान्य आहे, पण आपल्याकडच्या खासगी बंगल्याच्या अंदाजपत्रकात तिला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी बाई-सर, कंत्राटदार आणि मिस्त्री अशी बैठक पडवीच्या जोत्यावर बसली. कंपाउंडची भिंत ब्रासच्याच दरात राहील, पडवीच्या भिंतीला वरचा दर लागेल आणि जिन्याची भिंत रोजंदारीवर होईल, असा प्रस्ताव मी ठेवला. सरांनी एकच विचारलं, "रोजंदारीवर काम रेंगाळलं तर?" मिस्त्री म्हणाले, "सर, एका दिवशी मीटरभरापेक्षा जास्त उंच चढवायची न्हाय, हे तुम्हीच लिहून द्या. आम्हाला घाई नको, तुम्हाला उशीर नको." बाईंनी तिथेच वहीत लिहून सह्या घेतल्या. त्या दिवसापासून कामाचा सूर बदलला. तेच हात, त्याच विटा. पण मिस्त्रींबरोबर असलेले दोन तरुण गवंडी, एक जव्हारकडचा आणि एक बिहारचा, आता एकेका सांध्याकडे थांबून बघायला लागले. रोज मिळणार हे ठरल्यावर माणूस वर किती गेलं ते मोजत नाही, नीट किती झालं ते बघतो.

भिंत ओळंब्यात ठेवण्याची युक्तीही तेव्हाच पक्की झाली. जोत्यावर दर दोन फुटांवर खूण करून तिथे उभे पाइप लावले, म्हणजे प्रत्येक खुणेवर ओळंबा सोडता येई. दोन खुणांमधल्या वळणासाठी प्लायवूडचे फरमे कापले, पाच फुटांच्या आणि सोळा फुटांच्या त्रिज्येचे. थर संपला की फरमा टेकवायचा, जिथे प्रकाश दिसेल तिथली वीट अजून ओली असतानाच सरकवायची. पडवीच्या भिंतीत अडीच फुटांच्या खिडक्या होत्या. चौकटी सरळच बसल्या, कारण सोळा फुटांच्या वळणात अडीच फुटांवर फरक पडतो तो पाच सुतांपेक्षा कमी. तेवढा चौकटीच्या कडेच्या प्लास्टरमध्ये सामावतो. चार फुटांची खिडकी मागितली असती तर सुतार आणि गवंडी दोघांनाही त्रास झाला असता. गोल भिंतीत खिडक्या अरुंद आणि उंच ठेवाव्यात, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

भिंतीवरच्या काँक्रीटलाही वळण घेऊन जावं लागतं. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून पालघर जिल्ह्यात काँक्रीटचे पट्टे घालण्याचा विषय कुणी थट्टेवारी नेत नाही. जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टा हवाच, आणि गोल भिंतीत त्याच्या सळयाही गोलच वाकवायला हव्यात. गोल बीममध्ये आणखी एक गोष्ट असते. त्याचं वजन दोन आधारांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या बाहेर पडतं, म्हणून बीमला पीळ बसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तिथे रिंगा जवळजवळ घ्यायला सांगितल्या होत्या. फिटरने आधी नेहमीच्या अंतराने बांधल्या होत्या. त्याला हातात ओला टॉवेल धरून पिळून दाखवला तेव्हा त्याने स्वतःहून सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या.

बावखलाच्या काठची भिंत साडेचार इंची आहे. सरळ असती तर पाच फूट उंचीला एवढी बारीक भिंत मध्ये खांब दिल्याशिवाय उभी राहिली नसती. वळणामुळे तिला स्वतःचाच आधार मिळतो, ढकललं तर तिला एका रेषेवर पडता येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बागांना थॉमस जेफरसनने एकाच विटेच्या जाडीच्या नागमोडी भिंती घातल्या त्या याच तत्त्वावर. आपल्याकडे लॉरी बेकर यांनी केरळमध्ये हे तत्त्व गरिबांच्या घरांपर्यंत नेलं. तिरुअनंतपुरमचं विटांच्या जाळीचं, गोल चढणीचं इंडियन कॉफी हाउस त्यांचंच. मूळचे इंग्लंडचे बेकर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत बोटीची वाट पाहत असताना गांधीजींना भेटले होते. पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या वस्तूंनी घर बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं आपल्या कामाचा पाया असल्याचं ते सांगत. तेवढीच भिंत वापरून गोलात चौकोनापेक्षा सव्वापटीहून जास्त जागा मिळते, हा हिशेबही त्यांच्या घरांत दिसतो. भिंतीच्या तळाला आम्ही भोकं ठेवली आहेत, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी बावखलातच जातं. बावखलाला भिंतीने तोडलं असतं तर ते ठेवून काय उपयोग होता?

सांधे भरायला चुना घातलेला मसाला वापरला. सिमेंट, चुना, वाळू यांचं प्रमाण एकास एकास सहा. जाड सांध्यांसाठी नुसत्या सिमेंटपेक्षा हा बरा, कमी आकसतो आणि थोडं सामावून घेतो. वाळूबद्दल मी हट्ट धरला होता. वैतरणा खाडीची रेती आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, आणि नीट न धुता वापरली गेली तेव्हा तिच्यातलं मीठ भिंतीवर लोणा होऊन बाहेर आलं. इथे धुतलेली क्रश सँड आणि विहिरीचंच पाणी. विहिरीचं पाणी अजून गोडं आहे, तपासून घेतलं. खारं असतं तर टँकर मागवायची तयारी ठेवली होती.

एका रविवारी आम्ही सगळे नालासोपाऱ्याला बुरुड राजाचा कोट नावाचं टेकाड बघायला गेलो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणलं तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेले करंडे आणि भोवती आठ कांस्य बुद्धमूर्ती मिळाल्या. तो ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. मिस्त्री विटांच्या थरांजवळ उकिडवे बसले आणि जुन्या सांध्यात नख घालून पाहत राहिले. बिहारच्या पोराला त्यांनी सांगितलं की सोपाऱ्याच्या जुन्या शूर्पारक बंदरात जहाजं यायची तेव्हाही इथे विटेचा गोल बांधणारे गवंडी होते. तू तेच काम करतोस. पोराने मोबाइलवर फोटो काढून गावी पाठवला.

परतीच्या वाटेवर किल्ल्यांचा विषय निघाला. पोर्तुगिजांनी वसईच्या किल्ल्याला टोकदार बुरूज दिले, कारण एका बुरुजावरच्या तोफेला शेजारच्या बुरुजाचा पायथा दिसायला हवा होता. अर्नाळ्याच्या बेटावरच्या किल्ल्याचे बुरूज मात्र गोल आहेत. मिस्त्रींचं म्हणणं बांधणाऱ्याच्या बाजूचं होतं. टोकाला मोठे घडीव चिरे लागतात आणि तोफेचा गोळा आधी टोकच उडवतो. गोलाला टोक नाही, आणि त्यात लहान दगडही कामी येतात. "गोल बांधायला हात जास्त लागतो, दगड कमी," असं ते म्हणाले.

प्लास्टर पावसाच्या आधी पूर्ण झालं. गोल भिंतीवर लांब पट्टी आडवी फिरवता येत नाही, फक्त उभी. म्हणून त्याच फरम्यांनी आडवे पट्टे आधी काढून घेतले आणि मधला भाग उभ्या पट्टीने भरला. बाहेरून प्लास्टर, जिन्याच्या आत उघडी वीट. नातेवाइकांनी कपाट कुठे ठेवणार म्हणून विचारलं. बाईंनी पडवीच्या भिंतीतच कोनाडे मागून घेतले होते. त्यांत आता पुस्तकं आहेत.

हे काम संपल्यापासून माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात गोल वीटकामाची वेगळी ओळ असते. त्रिज्या वीस फुटांपेक्षा जास्त असेल तर साधा दर. कमी असेल तर वेगळा, फरम्यांसह. दहा फुटांच्या खाली आली तर रोजंदारी. काही मालक ती ओळ वाचून वळण सोडून देतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. घाईत बांधलेलं वळण पहिल्या दोन पावसाळ्यांत भेगाळतं आणि मग लोक म्हणतात, गोल भिंत टिकत नाही. गोल भिंत टिकते. विहिरींनी, स्तूपाने, अर्नाळ्याच्या बुरुजांनी ते दाखवून ठेवलं आहे. त्या सगळ्यांत जो वेळ खर्ची पडला तो वेळ आज कुणीतरी पैशाने मोजून द्यायला हवा.

जव्हारचा तो गवंडी आता भाताणे भागात एका घराचं गोल वृंदावन आणि ओट्याची वळणदार कड बांधतो आहे. दर ठरवताना त्याने मालकाला सांगितलं की हे ब्रासवर होणार नाही. मालकाने घासाघीस केली आणि शेवटी मानलं. वसईच्या वाड्यांत विहीर आणि बावखल ठेवून घर बांधू इच्छिणाऱ्यांनी त्या मालकासारखं करावं, एवढंच माझं सांगणं आहे. वळण आवडलं असेल तर सिमेंट-विटांच्या आधी गवंड्याच्या वेळेचा हिशेब मांडा.